पिंपं तपासणारी जोझिल्दा

आल्तो दो जुआ नावाच्या टेकडीवर जोझिल्दाला सगळे 'पिंपवाली' म्हणत. वस्तीत नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी यायचं, म्हणून घरोघरी मागच्या अंगणात पिंपं भरलेली. खाकी पिशवी खांद्याला अडकवून, हातात बॅटरी घेऊन त्या पिंपांत डोकावायचं, हे तिचं सरकारी काम. डासाच्या अळ्या सापडल्या की ती घरच्यांना झापायची, औषध टाकायची, दारामागच्या कागदावर सही करायची आणि पुढच्या घरी जायची.

"आली गं बाई पिंपवाली!" बायका ओरडायच्या. "नीट बघ हो, माझा नवरा लपलाय त्यात."

"मग झाकण घट्ट लाव," जोझिल्दा म्हणायची. "डासही येणार नाही आणि तोही पळणार नाही."

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, चौतिसाव्या वर्षी तिला दिवस गेले. अदेमिर, तिचा नवरा, ट्रक चालवायचा. बातमी कळली तशी त्यानं ट्रकच्या मागच्या फळीवर 'बाप होतोय' असं रंगवूनच घेतलं.

तिसऱ्या महिन्यात, २०१५ च्या एप्रिलात, तिच्या अंगावर लाल पुरळ उठलं. खाज सुटली, डोळे लाल झाले, ताप मात्र नावालाच. टेकडीवर कितीतरी जणांना तेच झालेलं. डॉक्टर म्हणाले, "साथीचं आहे. तीन दिवसांत जाईल." गेलंही. चौथ्या दिवशी ती पुन्हा पिंपांत डोकावत होती. पोटातल्या जिवाला त्यातून काही होऊ शकतं, हे तेव्हा तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठव्या महिन्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरीणबाई पडद्याकडं वाकल्या. यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवत राहिल्या. "डोक्याचं माप लहान येतंय," एवढंच शेवटी म्हणाल्या.

ऑक्टोबरअखेर माइते जन्मली. तिचं कपाळ भुवयांपासूनच मागं उतरत गेलेलं. रडायला लागली की तासन् तास थांबायची नाही आणि दुधाचा घोट गिळताना गुदमरायची. एप्रिलातलं ते पुरळ म्हणजे डासातून येणारा झिका, हे जोझिल्दानं पहिल्यांदा टीव्हीवर ऐकलं, माइतेला मांडीवर घेऊन. तशीच बाळं आणखी कितीतरी बायकांच्या मांडीवर दिसत होती.

सासूबाई, सगळे मानानं 'दोना' झुल्मिरा म्हणत त्या, पाळण्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं हो. गावभरच्या पिंपांत तोंड घालत हिंडलीस, स्वतःच्या पोटाकडं बघायला वेळ नव्हता तुला."

जोझिल्दानं पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. ती तरी स्वतःला दुसरं काय विचारत होती? कुठल्या अंगणातला डास? कुठलं पिंप आपल्या नजरेतून सुटलं?

अदेमिर भांडला नाही की ओरडला नाही. त्याच्या फेऱ्या लांबत गेल्या. आधी आठ दिवस, मग महिना. मग दक्षिणेकडं मोठं भाडं मिळाल्याचा फोन आला. त्यानंतर तो फोन उचलेनासाच झाला. कापूर उडावा तसा गेला माणूस.

माइतेला व्यायाम-उपचारांसाठी आठवड्यातून दोनदा रेसिफे शहरात न्यावं लागायचं. जाऊन-येऊन आख्खा दिवस मोडायचा. नोकरी सुटली. 'आली गं बाई' म्हणणाऱ्या बायका ती रस्त्यानं निघाली की एकमेकींशी बोलायचं थांबवत. आणि पोटुशी बाई समोरून आली तर जोझिल्दाला टाळून पलीकडच्या कडेला जायची.

समोरच्या घरातली तालिता त्यातलीच. एकोणीस वर्षांची, तिसरा महिना. जोझिल्दा दारात माइतेला उन्हात घेऊन बसली की तालिताची खिडकी लागायची.

एका सकाळी जोझिल्दाला बाजूच्या बोळातून तालिताच्या मागच्या अंगणातलं पिंप दिसलं. उघडं. पोरीला खांद्यावर टाकून तिनं दार ठोठावलं.

"दोना जोझिल्दा, तिला इथं आणू नका ना," तालिता आतूनच म्हणाली. "आई म्हणते, अशा दिवसांत असलं बघू नये."

"हिच्याकडं बघून काही होत नाही गं पोरी. डासानं होतं. पिंप उघडं टाकलंयस."

"झाकण फुटलंय."

"मग कापड बांध. अंगभर कपडे घाल, डासाचं मलम लाव. आणि नवऱ्याला ताप-पुरळ आलं, तर निरोधाशिवाय जवळ येऊ देऊ नकोस. त्यातूनही लागतं."

मग ती बोळातून मागच्या अंगणात गेली. जोझिल्दानं माइतेला सावलीत पंच्यावर निजवलं, वर जाळी टाकली. पंधरा दिवसांचं पाणी ओतून देववेना. बादलीनं काढून कापडातून गाळलं. अळ्या वळवळत वर राहिल्या, त्या तिनं तापलेल्या मातीत झटकल्या. मग ब्रश घेऊन पिंपाची आतली बाजू खसाखसा घासली. डासाची अंडी तिथं चिकटून राहतात, महिनोन्महिने कोरडी पडली तरी मरत नाहीत. पाणी परत भरून तिनं तोंडाला कापड ताणून बांधलं. अंगणाकडच्या खिडकीची फट तेवढी उघडी होती. फटीतून कुणी बघतंय, हे तिला कळत होतं.

दर आठवड्याला ती तशीच गेली. दार एकदाही उघडलं नाही. कापड मात्र नीट बांधलेलं असायचं.

तालिताला मुलगा झाला. धडधाकट, खणखणीत आवाजाचा. बारशाला गल्लीभर खुर्च्या मांडल्या, मक्याचा केक कापला. जोझिल्दाला बोलावणं नव्हतं. तिनं दार लोटून घेतलं आणि त्या पोराचं रडणं ऐकत बसली. बरं वाटलं तिला, अगदी मनापासून. आणि मत्सरही वाटला. दोन्ही एकदमच झालं.

त्याच आठवड्यात माइतेनं पहिल्यांदा न गुदमरता पेजेचा चमचा गिळला. मग दुसरा. जोझिल्दा उठून दारापर्यंत आली. भर दुपार होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फोन हातात घेऊन ती नावं खालीवर करत राहिली, मग तो ठेवून दिला. परत येऊन बसली, पोरीची हनुवटी पुसली आणि तिलाच म्हणाली, "गिळलंस हो तू. मी पाहिलं."