न कळलेला सिनेमा

टीव्हीवर तो जुना कृष्णधवल सिनेमा लागला की आई रडते. नायिकेला सासरी छळतात तिथं कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. पण आई पडद्यावर नावं येत असतानाच पदर हातात घेते. विनोदी नट म्हशीवरून चिखलात पडतो तिथंही तिचं मुसमुसणं चालूच. लहानपणी आम्ही भावंडं सिनेमा सोडून तिच्याकडेच बघायचो आणि खिदळायचो.

वडील गेल्यावर ती सोलापुरातच माझ्याकडे राहायला आली. गेल्या वर्षी एका दुपारी तो सिनेमा पुन्हा लागला. घरात आम्ही दोघीच. मी विचारलं, "आई, म्हैस बघून कसलं रडू येतं गं तुला?"

"म्हशीचं न्हाय," ती म्हणाली. "मला तवा मराठी कुटं येत होतं?"

आई मैंदर्गीची. माहेरी सगळं बोलणं कन्नडमधून. लग्न होऊन ती सोलापुरात आली आणि तीन महिन्यांतच तिची आई गेली. दिवसकार्य उरकून ती परतली ती दोन खोल्यांत नऊ माणसांच्या घरात. डोळे भरून आले की आजी, म्हणजे तिची सासू, म्हणायची, "भरल्या घरात रडू नये, बाळ." आजी मायेनंच म्हणायची. पण मग रडायचं कुठं? अशात एकदा आजी घरातल्या सगळ्या बायकांना घेऊन याच सिनेमाला गेली.

"काय बी कळलं न्हाय बघ. पण अंधार झाला, तशी मी रडायला लागले. जरा वेळानं बघते तर सासूबाई बी रडतायत. सगळं थेटरच रडतंय की! शेवटपर्यंत रडले. का म्हणून कुणी इचारलं न्हाय."

घरी आल्यावर आजीनं शेजारणीला कौतुकानं सांगितलं म्हणे, "आमच्या सुनेला मराठी सिनेमा किती कळतो!"

हे सांगताना आई हसली. मला मात्र हसू येईना. इतक्या वर्षांत तिची आई कशी होती, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही मैंदर्गीला गेलो. तिच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, फोटो कुणाकडेच नव्हता. कधी काढलाच नव्हता. पण आईची थकलेली थोरली वहिनी होती, तिला सगळं आठवत होतं. दोघी दुपारभर कन्नडमधून बोलत राहिल्या, मधेच एकमेकींच्या हातावर टाळी देत. मला चार शब्द कळले असतील. परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली आणि अक्कलकोट यायच्या आत गाढ झोपली.