चारशे घोड्यांचं इंजिन

जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणाऱ्या पुरुषांबद्दल मला कायमच तुच्छता वाटत आली आहे. पोट सुटलेलं, टी-शर्टावर आगीच्या ज्वाळा, आणि बोनेट उघडून तासन्‌तास असं उभं राहायचं की जणू आत बाळ झोपलंय. एक्कावन्नाव्या वर्षी मीही त्यांच्यातलाच झालो, फक्त तसला टी-शर्ट घातला नाही. मी वेगळा आहे अशी माझी समजूत होती. त्यांना इंजिन आवडतं, मला ते कळतं. सॉफ्टवेअरच्या नादी लागण्याआधी मी सहा वर्षं चिंचवडला इंजिन टेस्टिंगच्या लॅबमध्ये काढली होती. पुढची तेवीस वर्षं लंडनजवळच्या स्लाऊमध्ये लोकांच्या सर्व्हरांची राखण करण्यात गेली, पण मनातल्या मनात मी अजून इंजिनवालाच होतो.

गाडी वॉटफर्डच्या पलीकडच्या एका गावात होती. लांब नाक, दोन दारं, आठ सिलिंडर, रंग शिळ्या आमसुलासारखा. जाहिरातीत लिहिलं होतं: रेस कॅम, मोठे हेड्स, सगळं इंजिन मॉडिफाइड, चारशे घोडे. ती लिहिली होती गाडी विकणाऱ्याच्या जावयानं. विकणारा स्वतः सत्तरीच्या पुढचा, किडकिडीत, दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या सपाता घालून बाहेर आला. आयुष्यभर बसमध्ये काम केलं, असं म्हणाला. मी मनात त्याला लगेच ड्रायव्हर करून टाकलं.

त्यानं गाडी सुरू केली. इंजिन ढबाक-ढबाक करत, सगळं अंग हलवत धडधडायला लागलं. अशा गाड्यांच्या भक्तांना हा आवाज फार प्रिय. त्यांच्या मते तो रेस कॅमचा, म्हणजे शर्यतीसाठी व्हॉल्व्ह जास्त उघडणाऱ्या दांड्याचा आवाज. म्हातारा बोनेटपाशी वाकून काहीतरी दाखवत होता, बोलत होता. मी मान डोलावत होतो. माझं लक्ष एअर फिल्टरच्या चकाकत्या क्रोमच्या झाकणाकडे होतं आणि त्यावर तिरक्या चिकटवलेल्या गरुडाच्या स्टिकरकडे. माझी बायको शेजारी उभी होती. ती सेकंडरी शाळेत गणित शिकवते, सगळ्यांचं सगळं ऐकून घ्यायची तिला सवय आहे.

गाडी घरी आली त्या शनिवारपासून मी शोध सुरू केला. नक्की काय काय बदललंय हे कागदावर कुठेच नव्हतं. कारखान्याच्या दुरुस्तीच्या पुस्तकाप्रमाणे काहीच जुळत नव्हतं. इंटरनेटवरच्या मंडळींना विचारून पाहिलं, तर एकानं मला आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितला आणि तो ऐकून कॅमचा नंबरसुद्धा सांगून टाकला. नाडी बघून भविष्य सांगणारे निदान हात तरी हातात घेतात.

मी माझ्या पद्धतीनं गेलो. व्हॉल्व्हवरची झाकणं उघडली, डायल गेज लावलं, इंजिन हातानं पान्यानं फिरवलं आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते मोजलं. सोळाच्या सोळा. कॅम अगदी साधा निघाला, कारखान्यातून येतो तो. मग सिलिंडरांवरच्या झाकणांवर, म्हणजे हेड्सवर, ओतलेले नंबर टूथब्रशनं घासून वाचले. मोठे वगैरे काही नाही. शेवटी गाडीखाली आडवा होऊन, आरसा आणि टॉर्च घेऊन इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचा, ब्लॉकचा, मागचा नंबर काढला. तो ब्लॉक या गाडीचा नव्हताच. कुठल्यातरी माल वाहणाऱ्या ट्रकचा होता. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

आणि तो सुप्रसिद्ध आवाज? हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या बुडाशी थोडा क्लीनर फवारला तर इंजिनाचा सूर एकदम बदलला. सांध्यातलं गॅस्केट फाटलं होतं. तिथून हवा आत शिरत होती आणि दोन सिलिंडर अर्धपोटी चालत होते. ज्याला लोक शक्तीची गर्जना समजत होते तो दमेकऱ्याचा खोकला होता. मी गॅस्केट बदललं. गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली.

ईलिंगचा माझा एक मित्र ती ऐकायला आला. तो दातांचा डॉक्टर, जन्म इथलाच, आईवडील सांगलीचे. मराठी बोलायचा हट्ट मोठा, पण कोण स्त्रीलिंगी आणि कोण पुल्लिंगी याचा पत्ता नसतो.

"अरे, तुझा गाडीला काय झालं?" तो म्हणाला. "ती मस्त आवाज कुठे गेली?"

"तो आवाज म्हणजे बिघाड होता."

"पण ती बिघाड छान वाटायची यार. परत येईल का?"

दात किडलेला पेशंट याच्याकडे येऊन 'कीड छान दिसते, राहू द्या' म्हणाला तर हा काय म्हणेल, असं मनात आलं. त्या दिवशी मी फार खूश होतो. इतक्या लोकांना काही कळत नाही आणि आपल्याला कळतं, यासारखं सुख नाही. हे सुख मी सहा आठवडे रोज चाखलं.

जसजसं उकलत गेलो तसतशा आधीच्या मालकांच्या करामती सापडत गेल्या. पेट्रोलच्या नळीला बागेतल्या पाइपाची क्लिप. थर्मोस्टॅट काढून तिथे नुसतं भोक. एका बोल्टच्या जागी लाकडी खुंटी, खरंच लाकडी. प्रत्येक शोध मी जेवताना बायकोला ऐकवायचो आणि दर वेळी म्हाताऱ्याच्या सपातांवर एखादी कोटी करायचो.

मग टायमिंगची पाळी आली. इंजिनाच्या पुढच्या पुलीवर कारखान्यातून एक खाच असते आणि शेजारी आकड्यांचा एक काटा. ती खाच काट्यावर कुठे येते त्यावरून सिलिंडरमध्ये ठिणगी कधी पडावी हे ठरवायचं. इथे खाच होतीच, पण तिच्यापासून बोटभर अंतरावर कोणीतरी पांढऱ्या रंगानं एक जाड रेघ मारून ठेवली होती. ब्रशचे केस चिकटलेली, वाकडी, लहान मुलानं कुंपण रंगवावं तशी. टायमिंग त्या रेघेवर लावलेलं होतं. मी हसलो. दोन वायर ब्रश झिजवून ती रेघ साफ केली आणि टायमिंग कारखान्याच्या खाचेवर, पुस्तकातल्या आकड्यावर, नीट लावलं.

गाडी एकदम तरतरीत झाली. पायानं जरा स्पर्श करावा आणि तिनं उडी घ्यावी. मी त्याला पुरावा मानलं. गरम असताना स्टार्टर जड जायचा, अडखळायचा, तेव्हा मी बॅटरी बदलली. लॅबमध्ये एखाद्या पोरानं मला हे लक्षण सांगितलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे कारण सांगितलं असतं. इथे मी बॅटरी बदलली.

त्यानंतरच्या रविवारी ऑक्सफर्डकडच्या एका शेतात जुन्या गाड्यांचा मेळा होता. डॉक्टर मित्राला घेऊन गेलो. तिथे ज्वाळांचे टी-शर्टवाले झुंडीनं होते. एकानं माझं बोनेट बघून विचारलं, "कुठला कॅम?" मी म्हणालो, "साधा. आणि ब्लॉक ट्रकचा आहे." त्याला वाटलं मी विनोद करतोय. मग मी त्याला त्याच्याच गाडीत काय चुकलंय ते तीन वाक्यांत सांगितलं. त्यानं जाऊन आपलं बोनेट लावून टाकलं. परत निघताना मी शीळ घालत होतो.

येताना मोटरवेवर खडूच्या डोंगरातून कापून काढलेला लांब चढ लागतो. मी ॲक्सिलरेटर दाबला. थोड्या वेळानं मित्र म्हणाला, "ऐक ना, ती खडखड येतोय का? डब्यात खिळे हलवल्यासारखं?"

"एक्झॉस्टचा पत्रा आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"तू दात बघ, मी इंजिन बघतो."

चढाच्या माथ्यावर धाडकन आवाज झाला. मागच्या आरशात निळा धूर दाटला. गाडी लंगडत लंगडत रस्त्याकडेच्या हार्ड शोल्डरवर नेऊन उभी केली आणि आम्ही दोघं कठड्यापलीकडे गवतात जाऊन उभे राहिलो. ओढून नेणारी रिकव्हरीची गाडी यायला दीड तास लागला. त्या वेळात आमच्या शेजारून मेळ्यातून परतणाऱ्या सगळ्या गाड्या गेल्या, ढबाक-ढबाक करत. मी ज्याला तीन वाक्यं सुनावली होती त्यानं हॉर्न वाजवून हात केला. मित्र एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही. सभ्य माणूस. त्याच्या सभ्यतेचाही मला राग आला.

पुढच्या शनिवारी हेड उतरवलं. सहावा पिस्टन रिंगपाशी तुटला होता, कडेचा तुकडाच निघाला होता. ठिणगी फार लवकर पडली की असं होतं, आधी गरम स्टार्टर अडखळतो, मग खडखड येते. पण मी तर पुस्तकाप्रमाणे लावलं होतं. मग मी सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. पहिला पिस्टन अगदी वर, त्याच्या टोकाला आणून ठेवला आणि पुढे जाऊन पुली पाहिली. खाच काट्याच्या शून्यावर यायला हवी होती. ती बोटभर दूर होती. शून्यासमोर, पुलीच्या खरखरीत धातूत अडकून राहिलेला, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका होता.

पुली एका इंजिनाची आणि काटा दुसऱ्या इंजिनाचा. त्यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता. ब्लॉक ट्रकचा, हेड्स तिसरीकडचे, हे मीच शोधून काढलं होतं, मीच सगळ्यांना ऐकवत फिरत होतो, आणि या दोन तुकड्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला, कारण त्यांच्याविरुद्ध साक्ष देणारी रेघ वाकडी होती.

बायको चहा घेऊन गॅरेजच्या दारात आली. मी तिला दाखवलं.

"हीच ना ती रेघ?" ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं तुला. खाचेकडे बघू नको, पांढऱ्या रेघेवर लाव, असं दोनदा म्हणाले."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्यासमोरच तर बोलत होते. तू मान डोलावत होतास, मला वाटलं ऐकतोयस." तिनं कप बाकावर ठेवला. "आणि त्यांच्या सपातांवर रोज इतकं बोलत होतास, की हे तुला कळलं नसेल असं कसं वाटावं?"

म्हाताऱ्याला फोन करावा की नाही यात आठवडा घालवला. शेवटी कळवून गेलो. म्हाताऱ्यानं स्वयंपाकघरात बसवलं, किटली लावली. मी सांगितलं ते त्यानं शांतपणे ऐकलं.

"कितवा पिस्टन?"

"सहावा."

"हं," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना विजय, हे मला फार लागलं. मग कळलं की तो बसचा ड्रायव्हर कधीच नव्हता. तीस वर्षं डेपोत इंजिनं उघडत होता. बोटं आखडल्यापासून बारीक काम सोडलं, म्हणून गॅस्केट तसंच राहिलं. लाकडी खुंटी त्याच्या आधीच्या मालकाची होती. ती पाहून तोही हसला होता म्हणे, आणि मग पाहिलं तर ती व्यवस्थित टिकत होती.

"तुमच्या जावयानं चारशे घोडे लिहिले होते," मी म्हणालो. काहीतरी आपल्या बाजूचं बोलायला हवं होतं.

"तो विमा विकतो," म्हातारा म्हणाला.

त्यानं ड्रॉवर उघडून एक वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली. गाडी त्याच्याकडे आली तेव्हापासून त्यात सगळं लिहिलेलं होतं. ब्लॉक कुठला, हेड्सचे नंबर, कॅम साधा, काटा आणि पुली जुळत नाहीत, खरा शून्य कसा शोधला त्याची आकृती. मी सहा आठवडे आरसा आणि टॉर्च घेऊन ज्याच्या मागे लागलो होतो ते दहा पानांत, सुवाच्य अक्षरात.

"ही तुम्ही मला तेव्हाच का दिली नाही?"

"विचारलं असतंस तर दिली असती," तो म्हणाला. "तू म्हणालास की तुला इंजिनं कळतात."

असं मी म्हणालो होतो हे मला आठवतही नव्हतं. पण म्हणालो असणार. मी ते सगळ्यांनाच सांगतो.

वही घेऊन घरी आलो. नवा पिस्टन बसवला, रिंगा बदलल्या, हेड चढवलं, पांढरी रेघ पुन्हा मारली, यावेळी पट्टी लावून. गाडी आता बरी चालते. घोडे किती ते मी मोजलेले नाहीत. मित्र अधूनमधून येतो, पण तो आवाज गेल्यापासून त्याचा तिच्यातला जीव गेला आहे. मेळ्याला मी पुन्हा गेलो नाही.

वही मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोनदा. दुसऱ्या वेळी आठव्या पानावर मला एक चूक सापडली. कार्ब्युरेटरच्या एका जेटचा, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचा, आकार त्यानं चुकीचा लिहिला होता. मी गॅरेजमध्ये जाऊन जेट काढला, मोजला, खात्री केली. चूकच होती. मला इतका आनंद झाला की मी वही तशीच उघडी घेऊन घरात पळत गेलो. बायको जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत बसली होती.

"हे बघ," मी म्हणालो, "इथे त्याचं चुकलंय."

तिनं वर पाहिलं नाही. "पेन्सिलनं दुरुस्त करून ठेव," ती म्हणाली आणि पुढची वही घेतली.