डाव्या हाताचा चाकू

माझा धाकटा भाऊ जुने घडीचे चाकू जमवतो. पात्याच्या बुडाशी कारागिराचा बारीक शिक्का असतो, तो भिंगातून पाहून चाकू कोणी बनवला ते ओळखतो. मला हा रिकामटेकड्याचा उद्योग वाटतो, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगितलंही आहे.

परवा त्याने एक चाकू वेगळा काढला. "अक्का, याच्यावर शिक्का नाही. नख घालून उघडायची खाचही उलट्या बाजूला. शिकाऊ माणसाचं काम. भंगारात देतो."

मी तो हातात घेतला आणि सहज उघडला.

"तुला कसा जमला? माझं तर नख तुटलं." मग माझ्या हाताकडे बघून तो हळूच म्हणाला, "तू डावखुरी ना."

ती उलटी खाच चूक नव्हतीच.

डाव्या हाताने लिहिते म्हणून मी शाळेत छड्या खाल्ल्या. कात्रीने अंगठ्याला घट्टे पडले. वस्तू उजव्या हातासाठीच असतात, हे मी ऊन-पावसासारखं मानून घेतलं होतं. आणि कुठल्याशा कारागिराने आधी गिऱ्हाइकाचा हात पाहिला, मग खाच पाडली. वर स्वतःचं नावही घातलं नाही. मी थक्क होऊन त्या पात्याकडे बघत राहिले.

"देऊ नकोस हा," मी म्हटलं.

"वेडी का तू?" भाऊ म्हणाला. त्याने आपल्या चाकूंच्या पेटीतला मधोमधचा चाकू उचलून कडेला सरकवला आणि ती जागा रिकामी केली.