काचेमागची माउली

सुचित्रा गुरव लग्न होऊन लालबागला आली ती आली, पुढे चिंचपोकळी ओलांडायचीसुद्धा तिला कुरकुर. पण गेल्या दोन महिन्यांत ही बाई लंडन, पॅरिस आणि अमेरिकेतली कुठली कुठली शहरं फिरून आली. चपला परळच्या हॉस्पिटलात स्टुलाखाली काढलेल्या, आणि बाई मोबाइलमधल्या म्युझियममध्ये.

स्टुलाशेजारच्या खाटेवर तिचा एकुलता एक मुलगा, वैभव. वय चौतीस, रक्ताचा आजार. डॉक्टर आता नव्या औषधांचं बोलत नव्हते, "त्याला त्रास होणार नाही एवढं बघू," म्हणत होते. त्याचा अर्थ न कळण्याएवढी सुचित्रा खुळी नव्हती. म्हणूनच तर ती देवी शोधत होती.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा ती माहेरच्या माउलीला नवस बोलली होती. पोर होऊ दे, तुझ्या पायावर आणून घालीन, खणानारळाने ओटी भरीन. वैभव झाला. मग एकदा पोर लहान म्हणून जायचं राहिलं, एकदा सासू आजारी, एकदा नवऱ्याला रजा मिळेना. शेवटी जायचं ठरलं, पिशवी भरली, आणि गावाहून निरोप आला, की देवळातली मूर्तीच चोरीला गेली. गावाने नवी मूर्ती बसवली. माउली तीच, दगड तेवढा बदलला, असं सगळ्यांनी समजावलं. ही ऐकेल तर शपथ. जिला बोलले तिलाच फेडीन! आता मुलगा अंथरुणाला खिळल्यावर तिच्या मनाने घेतलं, की देवी दिलेलं परत मागतेय.

म्युझियमचं खूळ घातलं सुनेने. आकांक्षा बिचारी सासूला विरंगुळा म्हणून दाखवायला गेली. बाण दाबला की पुढचं दालन, अशी परदेशातली म्युझियम फोनवर फिरता येतात. एका दालनात काळ्या दगडाच्या देव्या काचेमागे ओळीने उभ्या दिसल्या आणि सुचित्राच्या अंगावर काटा आला. एवढ्या इथे आहेत, तर आपलीही कुठेतरी असेल. त्या दिवसापासून फोन तिच्या हातून सुटेना.

ओळखायची खूण तिच्यापाशी होती. वडील देवळाचे गुरव. लहानपणी देवीच्या आंघोळीला ती त्यांच्यामागे पाण्याची कळशी घेऊन उभी असायची. देवीच्या डाव्या खांद्यामागे दगडाचा टवका उडालेला होता. पण म्युझियमवाले देवीला भिंतीशी उभी करतात. बाण डावीकडे जातो, उजवीकडे जातो, पाठीमागे काही जात नाही. सुचित्राने एकदा फोन उलटा करून बघितला. हसू नका, खरंच बघितला.

"मावशी, तो हाक मारतोय ना," सिस्टर लविना सांगायची.

"एवढी खोली बघतंय नि येतंय गो," असं म्हणून ही दुसऱ्या देशात निघून जायची.

त्या दुपारी एका दालनाच्या टोकाला ती थबकली. तेच मिटल्यासारखे डोळे, तेच झिजलेलं नाक. पाठ मात्र भिंतीकडे. तिने बाण दाबून दाबून बोट दुखवून घेतलं.

"पाठ दाखव गो माउली! एकदा पाठ दाखव!" ती ओरडली तसा सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"इकडे दे," वैभव म्हणाला. त्याच्या हातात फोन ठरेना, म्हणून तिने धरला. तो बराच वेळ बघत राहिला.

"हीच ती, आई. भर ओटी."

ओटीचं सामान पहिल्या दिवसापासून पिशवीत होतंच. तिने औषधांच्या कपाटावर फोन उभा केला, काचेला कुंकू लावलं, खण आणि नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. तांदूळ खाली सांडले, लविना ते न तुडवता ओलांडून गेली. सुचित्राने डोकं टेकलं आणि एवढ्या वर्षांचं रडून घेतलं.

डोळे पुसता पुसता तिच्या लक्षात आलं.

"वैभव, तू तिका कधी बघलंस रे?"

"नाही."

"मगे?"

"आता तुला काही शोधायचं नाही ना?" तो म्हणाला. "मग फोन ठेव. माझ्याजवळ बस थोडा वेळ."

तिला त्याचा राग आला, आणि लगेच स्वतःचीच भयंकर लाज वाटली. तिने फोन पालथा घातला. पाठ दुखतेय म्हणाला, म्हणून त्याला कुशीवर वळवून तिने सदरा वर केला. एकेक मणका मोजता येत होता. पडून पडून डाव्या खांद्यामागे जखम झाली होती, चांगली जुनी, कोणीतरी रोज औषध लावत असलेली. तिला ती माहीत नव्हती.