बंद पंख्याखालचे आकडे

आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलात की आधी सरांचा वर केलेला तळवा दिसायचा. मग आवाज, "पंखा लावू नका हो. आकडा हलतोय." येरमाळ्याकडचा उन्हाळा, खिडक्या बंद, आणि हे सर घामाने निथळत मीटरकडे टक लावून बसलेले.

त्यांचं संशोधन द्रव स्फटिकांवर होतं. तुमच्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यात असतो तो पदार्थ. तो बेन्झीनमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायचा, दोन पट्ट्यांमध्ये भरायचा आणि विजेचा भार किती साठतो ते मोजायचं. वाऱ्याने बेन्झीन उडतं, प्रमाण बिघडतं. म्हणून सगळं बंद. तरी थोडं उडायचंच, आणि उडालेलं खोलीतच राहायचं.

नुसत्या द्रव स्फटिकाची परीक्षानळी तापवून ते पोरांना दाखवायचे, "बगा, गढूळ हाय तवर लई नखरे. निवळलं की गरीब गाय!" पोरं हसायची. मीही.

मी शेजारच्या रसायनशास्त्राचा. बेन्झीन माझ्याच कपाटातून जायचं. ते रक्ताला वाईट, हे मी वर्गात शिकवतो. एकदा म्हणालो, "सर, टोल्युइन वापरा की. त्यातल्या त्यात बरं."

"आन मागचे आकडे? द्रावक बदलला की पयल्यापासून सुरू. सात वर्षं गेली, सर."

मी बाटली दिली. भिडेखातर, दुसरं काय! तुम्हीही दिली असती, असं मी स्वतःला सांगत असतो.

पुढे त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. सोलापूरला डॉक्टरांनी विचारलं, "कामात रसायनं हाताळता का?" मी शेजारीच बसलो होतो.

"न्हाय. मास्तर हाय मी."

बाहेर आल्यावर म्हणाले, "शेवटचं मिश्रण ऱ्हायलंय. खरं सांगितलं तर खोलीला कुलूप लागंल." ते मिश्रण त्यांनी मोजलं. त्याचीही बाटली मीच दिली.

रक्ताच्या कर्करोगाने ते गेल्यावर बेंबळीला त्यांच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, "तंबाखू न्हाय, सुपारी न्हाय. मग रक्तालाच कसं झालं हो, भाऊजी?"

"सांगता येत नाही, वहिनी." लाज वाटली, पण तेवढंच म्हणालो.

त्यांनी आतून टाईप केलेला प्रबंध आणला. विद्यापीठात द्यायचा राहून गेला होता. "पोरीनं वाचून दावलं. तुमचं नाव हाय बगा ह्यात," म्हणत त्यांनी आभाराचं पान उघडून धरलं.

आई-वडिलांच्या खालोखाल माझं नाव होतं. द्रावक कधीही कमी पडू दिला नाही म्हणून.