दोनदा अडखळलेले ठोके

ह्यांना समोरचं स्वच्छ दिसायचं, पण बाजूचं दिसेनासं झालं होतं. निशातगंजच्या बाजारात डावीकडून आलेली सायकलरिक्षा दिसलीच नाही आणि आम्ही दोघं स्कूटरवरून पडलो. स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघाली. ती डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. ऑपरेशन नाकातून करायचं ठरलं. बँकेच्या बदलीवर लखनौला आलेले आम्ही. सासर-माहेर दोन्ही सोलापुरात. दहा वर्षांच्या मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून मी एकटीच थिएटरबाहेर बसले.

अकराच्या सुमारास भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. त्या सरळ माझ्याकडेच आल्या. त्या शेजारी बसल्या आणि हिंदीतून सावकाश सांगू लागल्या. गाठीच्या कडेला एक नस आहे, तिला धक्का लागला की हृदय आपोआप मंदावतं. पहिल्यांदा सर्जननी हात काढताच ठोके सुरळीत झाले. दुसऱ्यांदा हृदय थांबलंच. इंजेक्शन द्यावं लागलं.

"कितनी देर?" मी विचारलं.

"कुछ सेकंड. अब ठीक हैं."

सर्जन हात थांबवून होते. उरलेली गाठ तशीच ठेवली तर नजर जाण्याची भीती. काढायला गेलं तर तेच पुन्हा होण्याची. घरच्यांचं म्हणणं हवं होतं. सोलापूरला फोन करून सासऱ्यांना विचारावं, तर तेवढा वेळ नव्हता. मी त्यांनाच विचारलं.

"आप होतीं तो क्या करतीं?"

"निकलवा लेती. मैं वहीं सिरहाने खड़ी हूँ."

त्या ह्यांच्या उशाशी असणार म्हटल्यावर मी होकारार्थी मान हलवली. दार लागलं आणि वाटलं, हे मी काय करून बसले! पुढचा दीड तास दाराचा आवाज झाला की मी खाली फरशीकडे बघायची. कोणाचाही चेहरा मला बघायचा नव्हता.

गाठ निघाली. ठोके आणखी एकदा मंदावले, पण थांबले नाहीत. नजरही हळूहळू बरीच सुधारली.

आठवड्याने मी ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मीही हेच सांगितलं असतं." तेव्हा कुठे मला रडू आलं.

भीती मात्र गेली नाही. अलीगंजच्या आमच्या घरी दुपारी ह्यांचा डोळा लागला की मी हातातलं काम टाकून छातीची हालचाल बघत उभी राहायची. मुलगी माझा पदर ओढून शाळेतल्या हिंदीत म्हणायची,

"आई, बाबा सो रहे हैं, बस."