न धुतलेला कोट

मी कल्याण स्टेशनात तिकिटं द्यायचो, तेव्हा रुळांच्या सांध्यापाशी एक माणूस रोज येऊन बसे. नाव मी कधी विचारलं नाही. पूर्वी तो तिथलाच सांधेवाला, रूळ बदलून गाड्यांना हाताची खूण देणारा. डबे जोडताना त्याचा डावा हात मनगटापासून तुटला आणि त्यापाठोपाठ नोकरीही गेली.

मांडीवर त्याचा कामाचा निळा कोट असे. बाहीवरचा रक्ताचा डाग वाळून काळा पडलेला. बायकोला तो कोट धुऊ देत नसे.

"डाग गेला तर हात हितंच गेला हे कोन सांगंल, मास्तर? साहेबानं बघितल्याबिगर भरपाई नाय."

बोलता बोलता गाडी आली, की त्याचा उजवा खांदा उगाच हले.

एके दिवशी खबर आली, मोठे साहेब खास गाडीनं जाणार. मी त्याला बजावलं, "कोट उंच धर. गाडी थांबेल."

गाडी आली. रुळालगत माणूस पाहून ड्रायव्हरनं वेग कमी केला आणि शिटी दिली. शिटी ऐकताच यानं कोट खाली टाकला आणि उरलेला हात ताठ आडवा धरला. सांधेवाल्याची जुनी खूण: रस्ता मोकळा आहे, जाऊ द्या! गाडी धडधडत निघून गेली.

मी संतापून धावलो. "अरे, काय केलंस हे?"

तो लांबत चाललेल्या धुराकडे पाहत होता. हात अजून तसाच आडवा.

"ड्रायवरानं माझा हात मानला, मास्तर."